पुठ्ठ्यावर मावेल एवढं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका घरामागे कारखाना आहे. कारखाना म्हणजे सोलापुरी कारखाना: एक लांबट खोली, वर पत्रा आणि आत चादरीचे माग. पूर्वी चार माग होते. तीन भंगारात गेले. चौथा राहिला, तो बाहेर ओढायचा सगळ्यांनाच कंटाळा आला म्हणून. त्याच्यावर आता पाहुण्यांच्या गाद्या असतात. मागाच्या डोक्यावरचं जॅकार्ड मात्र जागच्या जागी आहे आणि त्याला लटकलेली पुठ्ठ्यांची लांबच लांब माळही. या पुठ्ठ्यांना भोकं असतात. उभ्या धाग्यांपैकी कुठला उचलायचा आणि कुठला नाही, ते ही भोकं ठरवतात. आडवा धागा एकदा गेला की एक पुठ्ठा सरकतो, पुढचा येतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

संक्रांतीचे दिवस होते. सिद्धेश्वराची यात्रा भरलेली, गड्ड्यावर पाळणे लागलेले, अभ्यासात कुणाचंच लक्ष नाही. त्या कारखान्यात पाच पोरं रोज संध्याकाळी जमायची आणि फाशांचा एक खेळ खेळायची. खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. घाव लागला की जीव कमी. प्रत्येकाला बारा जीव.

पोरांची नावं सांगण्यात अर्थ नाही. खेळात त्यांना कुणी नावानं हाक मारतच नसे, हातात जे शस्त्र तेच नाव. एक पट्टेवाला, एक बंदूकवाला, एक विटेवाली आणि एक गोफणवाली. गोफणवाली सूत्रधाराची धाकटी बहीण, पाचवीतली. ‘हिला पण घ्या,’ असं आईनं सांगितल्यामुळे तिला घेतलं होतं आणि उरलेलं शस्त्र तिच्या वाट्याला आलं होतं. विटा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि दोरीनं परत ओढून घ्यायचा. मराठ्यांचं खास हत्यार.

गोष्ट भुईकोटाची होती. तो किल्ला पेठेतून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे नकाशा काढायची गरजच नव्हती. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव. चौघांनी रात्री आत शिरायचं, बाहेरच्या आणि आतल्या तटामधल्या पट्टीतून जायचं आणि एका कोठडीत अडकलेल्या हेराला सोडवून आणायचं.

पहिले चार दिवस नियम एका ओळीचा होता: घाव बसला की सहा बाजूंचा एक फासा, पडेल तेवढे जीव गेले. पट्टा असो, बंदूक असो, विटा असो की गोफण, फासा एकच. खेळ झरझर पुढे जायचा. पोरं हसायची, ओरडायची, आतून कुणीतरी ‘हळू बोला की रे,’ म्हणायचं.

पाचव्या दिवशी पट्टेवाला अडून बसला.

“काय बे, लिंबू चिरायच्या सुरीला पण एक फासा आणि पट्ट्याला पण एकच? चार हात लांबून माणूस उभा चिरतोय पट्टा. राज्यशस्त्र हाय ते. दोन हजार चोवीसला शिवजयंतीला जाहीर केलंय सरकारनं. आणि तुझ्या खेळात त्याला गोफणीएवढी किंमत?”

“बरोबर हाय त्याचं,” बंदूकवाला म्हणाला. बंदूकवाल्यांना दुसऱ्याचं बरोबर वाटतं ते बहुधा त्यानंतर आपली पाळी येणार असते म्हणून. “आणि गोळी लागल्यावर माणूस उठून पळतो का? हे खरं वाटत नाही की.”

‘खरं वाटत नाही’ हे वाक्य सूत्रधाराला लागलं. तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. त्या वयात खोटं ठरण्यापेक्षा नापास होणं परवडतं.

दुसऱ्या दिवशी तो नवे नियम घेऊन आला. बंदुकीला चार फासे. पट्ट्याला तीन. विट्याला दोन. गोफणीला एक, तोही पडेल त्याच्या निम्मा.

हिशोब सोपा आहे. चार फाशांची बेरीज सरासरी चौदा येते आणि जीव बारा. म्हणजे बंदुकीच्या एका बारात पहारेकरी आडवा. गोफणवालीला तोच पहारेकरी पाडायला सात दगड बसवावे लागणार आणि तोवर तो तिला शोधत येणार. पहिल्याच संध्याकाळी सगळं कळून चुकलं. बंदूकवाला बोलायचा, पहारेकरी पडायचा. पट्टेवाला उरलेल्यांत घुसायचा. विटेवाली दोनदा म्हणाली, “मी दोरी धरून वर चढते,” तर उत्तर आलं, “चढायचं कशाला? मारलेत की सगळे.” तिसऱ्या दिवशी तिनंही बंदूक मागितली. चौथ्या दिवशी पट्टेवाल्यानं, राज्यशस्त्र वगैरे विसरून, बंदूक मागितली. गोफणवाली मध्येच उठून आत गेली ती आजीजवळ शेंगा सोलायला बसली. कुणी तिला बोलवायला गेलं नाही, कारण तिच्यावाचून काही अडलं नव्हतं.

सूत्रधाराला वाटलं, आपण खरं कमी घातलं. अजून घालू. त्यानं वही काढली. चिलखत असेल तर वेगळं, नसेल तर वेगळं. दहा हातांवर वेगळं, पन्नास हातांवर वेगळं. वारा कुठून आहे. दारू कोरडी की दमट. पाऊल निसरड्यावर आहे का. पट्टा शिकून किती वर्षं झाली. अठरा पानं भरली. अक्षर चांगलं होतं, तक्ते रेघा मारून केलेले. मला अशा वह्यांबद्दल खरंच आदर आहे, कारण त्या प्रेमानंच लिहिलेल्या असतात.

त्या रात्री बुरुजावरची एक झटापट चहानंतर सुरू झाली. दहा वाजता आईनं जेवायला हाक मारली तेव्हा गोष्टीतला पहारेकरी अजून अर्धवट वळलेला होता. बंदूकवाला गादीवर आडवा होऊन झोपला होता. विटेवाली फोन बघत होती.

युद्धाचा खेळ खरा करण्याचा हा नाद सूत्रधाराला आपलाच शोध वाटत होता. तो बराच जुना आहे. 1824 मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं लष्करासाठी असाच खेळ बेतला: नकाशा, फासे, कुठल्या तुकडीच्या माऱ्यानं किती अंतरावर किती नुकसान याचे तक्ते आणि निवाडा करायला पंच. खेळ सैन्यात पसरला आणि पुढे तक्त्यांच्या वजनाखाली कुंथू लागला. 1876 मध्ये व्हर्दी द्यु व्हेर्नुआ या दुसऱ्या अधिकाऱ्यानं सरळ सुचवलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. पुढे अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तेव्हा सगळ्या शस्त्रांना सहा बाजूंचा एकच फासा होता, अगदी आपल्या पोरांच्या पहिल्या नियमासारखा. वर्षभरातच पुरवणी आली आणि प्रत्येक शस्त्राचा फासा वेगळा झाला. 1978 च्या पुस्तकात तर शस्त्राची लांबी, ते फिरवायला लागणारी जागा, त्याचा वेग, कुठल्या चिलखतावर ते किती चालतं, असा भला मोठा तक्ता होता. पुष्कळ खेळणाऱ्यांनी तो नुसता पाहिला आणि पान उलटलं. शुक्रवार पेठेतल्या एका पोरानं तीन आठवड्यांत त्याच वाटेवरून चालून दाखवलं, हे काही थोडं नाही.

दुसरीकडे बुद्धिबळ बघा. पटावरचा हत्ती सरळ रेषेत जातो आणि कधी बिथरत नाही. खऱ्या लढाईत हत्ती बिथरून उलटा फिरला की स्वतःच्याच पायदळाला तुडवायचा. झेलमच्या काठी पोरसाचे हत्ती असेच फिरले होते. तरी बुद्धिबळ खोटं आहे म्हणून कुणी पट आवरून ठेवल्याचं ऐकिवात नाही.

असो. चिडलेल्या सूत्रधारानं मग उलटं टोक गाठलं. वही माळ्यावर फेकली आणि जाहीर केलं, सगळी शस्त्रं सारखी. नावं वेगळी ठेवा, फासे सारखे. गोफणवालीला आतून बोलावून आणलं. तिच्या दगडालाही आता बंदुकीएवढेच फासे आणि दगड चिलखतातूनही आरपार.

“मग अफझलखानानं कट्यार कशाला आणली?” बंदूकवाला म्हणाला. “एक खडा मारला असता की. चिलखत फाटून काम झालं असतं.”

सगळे हसले. गोफणवाली हसली नाही. तिला कळलं होतं की आपल्याला फासे मिळालेत, गोफण काही मिळाली नाही.

हे सगळं आजी ऐकत होती. दार उघडंच असायचं. आजीचं माहेर मंगळवेढ्याकडचं. लग्न होऊन पेठेत आली आणि चाळीस वर्षं याच कारखान्यात कांड्या भरल्या. त्या दिवशी माहेरून हुरडा आला होता. ती परात घेऊन आत आली, गादीवर बसली आणि विचारलं,

“गोफणीला निम्मा फासा कुणी लिवला होता?”

“मी,” सूत्रधार म्हणाला.

“तू फिरवलीस का कधी?”

“नाही.”

“पट्टा?”

“नाही.”

“बंदूक तर नाहीच. मग खरं खरं काय करायलास इतके दिवस?”

त्यावर उत्तर नव्हतं. आजीनं मागाखालून सुताची दोरी काढली, दुहेरी केली, मधे चिंधीची खोळ बांधली, एका टोकाला बोट जाईल एवढा फास केला. अशी गोफण करायला तिला परातीतला हुरडा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. फास बोटात, दुसरं टोक मुठीत. खोळीत चिंध्यांचा गोळा ठेवून तिनं गोफण नातीच्या हातात दिली. “फिरव.”

पोरीनं फिरवली. पहिल्याच फेऱ्यात दोरी जॅकार्डच्या लोखंडाला अडकली. दुसऱ्यांदा पंख्याला. तिसऱ्यांदा पट्टेवाल्याच्या कानाला.

“हां,” आजी म्हणाली. “आता वर चला.”

गच्चीवर आजीनं स्वतः गोफण घेतली. तीन फेरे, आणि टोक सुटलं तेव्हा फट्ट असा आवाज झाला की खालच्या गल्लीतली कुत्री उठली. गोळा शेजारच्या घराच्या टाकीवरून, त्याच्या पलीकडच्या घराच्या टाकीवरून गेला आणि पुढे कुठं पडला ते दिसलं नाही. (पुढे दोन दिवस कुणी चौकशीला आलं तर काय सांगायचं, याचीही पोरांनी तयारी ठेवली होती. कुणी आलं नाही.)

“माळ्यावर उभं राहून दिसभर हेच,” आजी म्हणाली. “ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उतरत्यात. दगड नसला तरी नुसत्या आवाजानं थवा उठतो. पण माळ्याला कूड असती तर काय उपेग? उघडी जागा पायजे तिला.”

मग पोरांना चेव आला आणि पुढचं त्यांचं त्यांनीच केलं. पट्टेवाल्याच्या उजव्या हाताला बॅडमिंटनची रॅकेट चादरीच्या किनारीनं कोपरापर्यंत बांधली, कारण खऱ्या पट्ट्याची मूठ अशीच हात गिळून बसते. मनगट वळतच नाही, हातच पातं होतो. त्यानं रॅकेट फिरवली तेव्हा चौघंही भिंतीला चिकटली. चहूबाजूंनी गराडा पडला तर हेच हत्यार हवं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मग विटेवाली म्हणाली, “आता जिन्याच्या दाराची कडी काढ.”

त्यानं काढून बघितली. रॅकेट दाराला आपटली. कोपर वाकवलं, कडी बोटात येईना. बोटं होतीच कुठे?

“डावा हाय की!”

“डाव्यात ढाल हाय.”

“बाजीप्रभूंनी घोडखिंडीत दोन्ही हातांत पट्टे घेतले होते म्हणतात.”

“खिंडीला कडी नव्हती बे.”

बंदूकवाल्याला शाईची रिकामी बाटली, वाटीभर मीठ, एक शेंगदाणा, विणकामाची सुई आणि पेटलेली उदबत्ती दिली. मीठ म्हणजे दारू, शेंगदाणा म्हणजे गोळी, सुई म्हणजे ठासायचा गज, उदबत्ती म्हणजे जामगी. पट्टेवाला गच्चीच्या दुसऱ्या टोकापासून सावकाश चालत येणार, आणि तो पोचायच्या आत बार भरून उदबत्ती बाटलीला टेकवायची. जानेवारीचा वारा होता. मीठ निम्मं उडालं. शेंगदाणा पडला, तो शोधायला वाकला तर उदबत्ती वाटीत विझली. पट्टेवाला येऊन उभा राहिला आणि रॅकेटनं त्याच्या डोक्यावर टपली मारली. विट्याचं काम केरसुणीच्या दांड्यानं केलं: फेकला छान, ओढताना दोरी नळाच्या तोटीत गुंतली आणि तोटी हातात आली. त्याचा हिशोब वेगळा झाला, घरच्यांबरोबर.

खाली आल्यावर सगळे हुरड्यावर तुटून पडले. शेंगाची चटणी होती, गूळ होता. सूत्रधार मात्र गप्प होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे वहीतलं सगळं परत घालायचं? जागा, वारा, कडी, पाऊस? परत अठरा पानं?”

आजीनं गाद्यांवरची चादर ओढली आणि तिचं टोक त्याच्या पुढ्यात टाकलं. “काय हाय हे?”

“मोर.”

“पायाला बोटं किती?”

त्यानं बघितलं. मोराचे पाय म्हणजे चार-चार चौकोन, पायऱ्या-पायऱ्यांचे. बोटं नव्हतीच. चोच म्हणजे तीन चौकोन. डोळा एक, तोही चौकोनी.

“कबूतर वाटलं का कुणाला?”

“नाही.”

“तुझे आजोबा कागदावर घरं भरून नक्षी काढायचे. पहिल्यांदा मोर काढला तो बोटांसकट, नखांसकट. लई सुंदर काढला. मालक म्हणाला, ह्याला पुठ्ठे किती लागतील ते मोज. मोजले. तेवढी माळ टांगायला पत्रा फोडावा लागला असता.” ती हसली. “मग त्यांनी पिसारा ठेवला. आणि तुरा. मोराला मोर म्हणायला तेवढं लागतंय. बाकीचं बघणारा भरून घेतो. पण पिसारा काढून टाकला असता, तर विकला असता का मोर म्हणून?”

सूत्रधार चादरीकडे बघत राहिला. मग गोफणवाली बोलली, तोंडात हुरडा घेऊनच.

“दादा, तू नुसतं कोण किती मारतं तेच लिहिलंस. कोण कुठं अडतं ते लिहिलंच नाहीस.”

पाचवीतल्या पोरीचं बोलणं मान्य करायला मोठ्या भावाला वेळ लागतो. त्यानं उगाच दोन दाणे निवडले, फुंकले, खाल्ले. पण तिचं म्हणणं पक्कं होतं. बंदूक चार फाशांनी मारते हे खरं होतं, पण ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं गच्चीवर वाऱ्यात उडालं होतं. अर्धं खरं लिहिलं म्हणून बंदूक सगळ्यांना भारी पडली. खरोखर बंदूक एवढी सोपी असती तर माणसांनी पट्टे घासत, विटे फेकत शेकडो वर्षं घालवली नसती. प्रत्येक हत्यार कुठेतरी अडतं म्हणूनच शेजारी दुसरं हत्यार टिकतं.

त्यानं उठून जॅकार्डच्या माळेतले चार पुठ्ठे सोडवले. आजी काही बोलली नाही. तो मोर आता कुणी विणणार नव्हतं. लांब, अरुंद पुठ्ठे, मधे भोकंच भोकं. नियम ठरला तो असा: एका शस्त्राला एकच पुठ्ठा. भोकांच्या मधल्या जागेत एक ओळ जोराची, एक ओळ अडण्याची. मावलं नाही तर लिहायचं नाही. फासा परत सगळ्यांना एकच.

भांडणं झालीच. एका ओळीत काय धरायचं, यावर अकरा वाजले. बंदुकीवर लिहिलं: चिलखत मानत नाही. खाली: बार भरायला तीन पाळ्या, पाण्यात मुकी. पट्ट्यावर: जवळ येईल त्या प्रत्येकावर एकाच पाळीत घाव. खाली: कडी, दोरी, शिडी धरता येत नाही, उतरवायला एक पाळी. विट्यावर: फेकून परत, दोरीनं वस्तू ओढता येते. खाली: दोरी गुंतली की हत्यार गेलं. गोफणीचा पुठ्ठा गोफणवालीनंच लिहिला, वाकडंतिकडं: लांबून लागते, आवाजानं फसवते. खाली: डोक्यावर आभाळ पायजे.

बंदूकवाला म्हणाला, “दारू दमट असली तर अर्धा बार उडतो, ते लिही की.”

“जागा नाही.”

“बारीक लिही.”

“बारीक लिहून अठरा पानं झाली होती.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ सुरू झाला तेव्हा सूत्रधारानं सुरुवातीलाच सांगितलं, तलावाकडून धुकं आलंय, झिमझिम चालू आहे. बंदूकवाल्यानं पुठ्ठ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. मग मात्र त्यानं आठवडाभरात पहिल्यांदा डोकं चालवलं: बंदूक पागोट्यात गुंडाळून ठेवतो म्हणाला, एकच बार, तोही कमानीखाली गेल्यावर. विटेवाली तटावर चढली, कारण मारून टाकायला आता कुणी मोकळं नव्हतं. दोन तटांमधल्या पट्टीत आभाळ होतं, तिथं गोफणवालीची सत्ता. तिनं दगड पहारेकऱ्याला मारलाच नाही. त्याच्या पलीकडच्या भिंतीवर मारला. पहारेकरी आवाजाकडे गेला.

मग कोठडीचं दार आलं. मागून सहा जण धावत येतायत, सूत्रधार म्हणाला, आणि दाराला कडी आहे.

कारखान्यात एकदम शांतता झाली. पट्टेवाल्यानं आपला पुठ्ठा उचलला, खाली ठेवला. सहा जणांना एकटा अडवू शकेल असा तोच होता. बंदूकवाल्याचा एकुलता बार उडून गेला होता. विटेवालीची दोरी वर कंगोऱ्यात गुंतलेली. गोफणवाली कमानीत आली होती, डोक्यावर दगडी छत, म्हणजे गोफण बंद. पण हात मोकळे. दाराशी सगळ्यात जवळ पट्टेवालाच उभा होता.

“पट्टा उतरवू का?” त्यानं विचारलं. कुणाला विचारलं ते त्यालाही ठाऊक नसावं.

“उतरवू नको,” गोफणवाली म्हणाली. “तू वळ त्यांच्याकडं. मी तुझ्या बगलेतून जाते. कडी मी काढते.”

“घाव लागला तर? तुझे तीनच जीव उरलेत.”

“फासा टाक की.”

फासा फरशीवर पडला, मागाच्या पायाला आपटून गाद्यांखाली गेला. पाचही जण जमिनीवर झोपून तो शोधायला लागले. आजी परात घेऊन दारात आली, तिनं कोण जिंकलं म्हणून विचारलं, कुणीच वर बघितलं नाही. ती परात ठेवून गेली.

रात्री सगळे गेल्यावर गोफणवाली आजीजवळ आडवी झाली. पुठ्ठा तिच्या उशाशी होता.

“आजी, गोफणीचे दगड संपले तर काय करायचीस?”

“आमच्याकडं दगड कुठले गं? काळं रान ते. नांगर घातला तरी खडा निघत नाही. ढेकळं मारायचो आम्ही.”

“ढेकूळ लागतं का?”

“लागतं की. पण लांब गेलं की हवेतच फुटतं. पाऊस पडून गेला असंल तर खळगीत चिखल होऊन बसतं.”

पोरगी उठून बसली. पेन्सिल शोधली, पुठ्ठा दिव्याखाली धरला. दोन ओळींच्या मधे भोकं होती, ओळींच्या कडेला भोकं होती. तिनं पुठ्ठा उलटा केला. तिकडूनही भोकंच.

“मावत नाही,” ती म्हणाली.

“मग राहू दे.”

तिनं पेन्सिल ठेवली. थोड्या वेळानं अंधारात तिनं विचारलं, “ओलं ढेकूळ असलं तर मग काय करायचं, आजी?” पण आजी झोपली होती.

पुढच्या रविवारी सूत्रधारानं गोष्ट मंगळवेढ्याच्या रानात नेली. पाऊस नुकताच थांबलाय, तो म्हणाला. गोफणवालीनं पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मी आधी चार ढेकळं पदरात घेते,” ती म्हणाली, “आणि वाळेपर्यंत थांबते.”